पोस्टफिक्स सुरू करताना ‘नॉट ओन्ड बाय रूट’चे इशारे येतात, रात्रीचे मेल अडकतात – परवानग्या कशा नीट कराव्यात?

वावरवाला (धागाकर्ता), सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. जुन्या जिनिंगच्या आवारातल्या दोन खोल्यांत कार्यालय, पाच संगणक आणि कोपऱ्यात पोस्टफिक्स या प्रोग्रामवर चालणारा मेल सर्व्हर. आमच्याकडे नेट दिवसातून चार वेळा जातं, म्हणून सर्व्हर मुद्दाम आपलाच ठेवला. कार्यालयातल्या कार्यालयात मेल फिरत राहतात. बाहेरचे रांगेत थांबतात आणि लाइन आली की निघतात. माती परीक्षणाचे अहवाल रात्री दहाला एक स्क्रिप्ट आपोआप पाठवते.

नवतप्यात वादळ आलं, डीपी उडाली. वीज परत आली ती इतक्या जोरात की सर्व्हरचा एसएमपीएस आणि बोर्ड दोन्ही जळाले. डिस्क वाचली. जुन्या मशीनवर सेंटओएस ७ हे लिनक्स होतं, नव्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं. जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स (मेलची रांग जिथे असते ते स्पूल) हे सगळं रूट (मशीनचा मुख्य वापरकर्ता) म्हणून ‘सीपी -आर’ने नव्या मशीनवर आणलं, कारण रांगेत ४१ मेल पडून होते.

सुरू केल्यावर डेफर्डच्या (थांबलेल्या मेलच्या रांगेच्या) आतल्या फायलींबद्दल ‘नॉट ओन्ड बाय पोस्टफिक्स’ असे इशारे आले. कुठेतरी वाचून मालकी बदलणारं ‘सीएचओन -आर पोस्टफिक्स:पोस्टफिक्स /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स’ चालवलं. ते इशारे गेले आणि हे आले:

वॉर्निंग: नॉट ओन्ड बाय रूट: /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/.
वॉर्निंग: नॉट ओन्ड बाय रूट: /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/पिड
वॉर्निंग: नॉट ओन्ड बाय ग्रुप पोस्टड्रॉप: /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/पब्लिक
वॉर्निंग: नॉट ओन्ड बाय ग्रुप पोस्टड्रॉप: /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप

याशिवाय त्याच स्पूलच्या आतल्या ‘ईटीसी’ आणि ‘लिब’बद्दलही ‘नॉट ओन्ड बाय रूट’च्या बऱ्याच ओळी आहेत.

सर्व्हर चालू आहे. लॅपटॉपवरून आम्ही एकमेकांना पाठवलेले मेल पोचतात. पण काल रात्री स्क्रिप्टचा एकही मेल गेला नाही. नोंदीत ‘पोस्टड्रॉप: वॉर्निंग: मेल_क्यू_एंटर: क्रिएट फाइल मेलड्रॉप/…: परमिशन डिनाइड’ हेच पुन्हा पुन्हा. तालुक्याचा एक मित्र म्हणतो, सगळ्याला ७७७, म्हणजे कोणालाही काहीही करायची परवानगी, देऊन टाक. देऊ का? पेरणी तोंडावर आहे. किती खत टाकायचं हे लोक त्या अहवालावरून ठरवतात, म्हणून जीव खालीवर होतोय. (फोनवरून लिहितोय, म्हणून आज्ञाही देवनागरीतच.)

---

जिनिंगचा_भोंगा, सकाळी ८:०५

भाऊ, ७७७ अजिबात देऊ नका. मी मागच्या साली थेच केलं होतं. इशारे गेले नाईत, उलटे वाढले. ‘ग्रुप ऑर अदर रायटेबल’ असे नवे सुरू झाले, अन् आधी कोन्या डिरेक्टरीले काय परवानगी होती थे समजाले मार्गच राह्यला नाही. आता जे दिसते थे आधी कागदावर लिहून ठेवजा, मंग हात लावजा.

---

वर्धाकाठ, सकाळी ८:५०

वावरवाला भाऊ, घाबरू नका, यात काही गेलेलं नाही. तुमच्या चार ओळींतच पूर्ण उत्तर आहे, फक्त त्या शब्दशः वाचायच्या. आपण ‘परवानगीचा इशारा’ एवढंच वाचतो आणि सरसकट उपाय शोधतो. तो इशारा मात्र नेमकं सांगतोय: कोणती डिरेक्टरी, आणि तिचा मालक किंवा गट कोण असायला हवा होता.

पोस्टफिक्स असं का बांधलंय ते कळलं की बाकी सोपं जातं. वीत्से व्हेनेमा यांनी ते आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलं आणि १९९८ मध्ये बाहेर आणलं. तेव्हा सेंडमेल हा एकच मोठा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने सगळं करायचा, त्यात एक भोक सापडलं की पूर्ण मशीन परक्याच्या हातात. व्हेनेमांनी कामाचे तुकडे केले. बाहेरून मेल घेणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पेटीत टाकणारा वेगळा, आणि प्रत्येकाला लागेल तेवढाच अधिकार. ही वाटणी प्रत्यक्षात कुठे लिहिलेली आहे? डिरेक्टरींच्या मालकीतच. म्हणून सगळं पोस्टफिक्सच्या नावे केलं, की सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची नावं खोडून एकाचंच नाव चढवल्यासारखं होतं.

नीट मांडणी अशी असते. वरची /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स आणि तिच्यातली पिड या रूटच्या, ७५५, म्हणजे लिहिणं फक्त मालकाला, वाचणं आणि शिरणं सगळ्यांना. अ‍ॅक्टिव्ह, इनकमिंग, डेफर्ड, डिफर, बाउन्स, होल्ड, करप्ट, प्रायव्हेट या पोस्टफिक्सच्या, ७००. म्हणजे मालकाशिवाय कोणी डोकावायचं नाही. मेलड्रॉप आणि पब्लिक यांचा मालक पोस्टफिक्स, पण गट पोस्टड्रॉप. मेलड्रॉप ७३०, पब्लिक ७१०. डेबियनवर मेलड्रॉपच्या शेवटी एक ‘टी’ आणि पब्लिकच्या मधे एक ‘एस’ दिसेल, त्यात काही बिघडलेलं नाही.

तुमची स्क्रिप्ट अडकली ती मेलड्रॉपमुळे. तुमच्याच आवारातलं उदाहरण घ्या. जिनिंगला शेतकरी गाडी आणतो, फाटकातून आत येतो, गंजीवर कापूस खाली करतो आणि निघून जातो. गंजीतला कापूस त्याला उचलता येत नाही, दुसऱ्याची गाडी किती भरली तेही पाहता येत नाही. मेलड्रॉपची ७३० म्हणजे हेच. मालकाला वाचणं, लिहिणं, शिरणं तिन्ही. गटाला शिरून टाकता येतं, पण यादी वाचता येत नाही. इतरांना फाटकच बंद.

मशीनवरची कोणतीही स्क्रिप्ट ‘सेंडमेल’ ही (जुन्याच नावाची, पण पोस्टफिक्ससोबत येणारी) आज्ञा वापरते, तेव्हा आतून पोस्टड्रॉप नावाचा छोटा प्रोग्राम चालतो. तो सेट-जीआयडी आहे, म्हणजे कोणीही चालवला तरी तेवढ्या वेळापुरता तो पोस्टड्रॉप गटाचा होतो आणि फाटकातून आत जातो. तुम्ही मेलड्रॉपचा गटच बदलून पोस्टफिक्स केला, त्यामुळे तो आता ‘इतरांत’ मोडतो. लॅपटॉपचे मेल मात्र एसएमटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, येतात. ते मेलड्रॉपमधून न जाता थेट इनकमिंगमध्ये लिहिले जातात, आणि ते लिहिणारा पोस्टफिक्सच असतो. म्हणून तुमच्याकडे निम्मं चालतंय, निम्मं नाही.

---

सातपुड्याची_सावली, सकाळी ९:२०

काकांनी छान उलगडून सांगितलं. मी धारणीकडे एका शाळेची संगणक खोली सांभाळते, आमच्याकडेही असंच अर्धं चालणारं मशीन होतं.

वावरवाला दादा, दुरुस्ती करण्याआधी दोन गोष्टी पाहून इथे टाका.

एक, ‘नेमआय -एल /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप’. ही आज्ञा मुळापासून शेवटपर्यंत वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीचा मालक, गट आणि परवानगी ओळीने दाखवते. कधी कधी दोष शेवटच्या डिरेक्टरीत नसतो. वरच्या एखाद्या डिरेक्टरीत शिरायची परवानगी नसते आणि आपण खालीच शोधत बसतो. माझे दोन दिवस असेच गेले होते.

दोन, ‘एलएस -एल /यूएसआर/एसबिन/पोस्टड्रॉप’. गट पोस्टड्रॉप आणि मधल्या तीन अक्षरांत ‘एस’ आहे का?

---

वावरवाला, सकाळी ९:५५

ताई, पाहिलं. मुळापासून /व्हार/स्पूलपर्यंत सगळं रूट, ७५५. पुढे पोस्टफिक्स आणि मेलड्रॉप या दोन्हींना मालक पोस्टफिक्स, गट पोस्टफिक्स. पोस्टड्रॉप प्रोग्रामला मालक रूट, गट पोस्टड्रॉप, ‘एस’ आहे. त्याला मी हात लावला नव्हता.

काका, गंजीचं उदाहरण एका झटक्यात समजलं. पण मग पहिल्यांदाच इशारे का आले? मी तर फक्त नक्कल केली होती.

---

वर्धाकाठ, सकाळी १०:१५

‘सीपी -आर’ मालकी सोबत आणत नाही. रूटने नक्कल केली की नवी फाइल रूटच्या नावे पडते. म्हणून डेफर्डच्या आतल्या फायली रूटच्या झाल्या.

आता कोणी म्हणेल ‘सीपी -ए’ वापरायचं होतं. ते खरं आहे, पण तुमच्या बाबतीत तेही पुरलं नसतं. डिस्कवर मालकाचं नाव नसतं, क्रमांक असतो. सेंटओएसवर पोस्टफिक्सचा क्रमांक ८९ ठरलेला, पोस्टड्रॉप गटाचा ९०. डेबियन मात्र बसवताना जो मोकळा क्रमांक मिळेल तो देतं. तेव्हा ‘सीपी -ए’ने फायली आल्या असत्या त्या ८९ या अनोळखी क्रमांकाच्या नावे, आणि हाच इशारा पुन्हा आला असता. ‘एलएस -एलएन’ लावलं की नावांऐवजी हे क्रमांक दिसतात. मशीन बदलताना ते एकदा पाहावेतच.

अजून एक, आमच्या भागात हे फार होतं म्हणून लिहितो. बॅकअप पेनड्राइव्हवर घेतात आणि तो फॅटवर फॉरमॅट केलेला असतो. फॅटमध्ये युनिक्सची मालकी आणि परवानग्या साठवायची सोयच नाही. त्यावर ठेवायचंच असेल तर आधी रूट म्हणून टार करा (सगळ्या फायली एका फायलीत बांधा) आणि ती एकच फाइल ठेवा. मालकी टारच्या पोटात सुरक्षित राहते.

---

चिखलदऱ्याची_कॉफी, सकाळी १०:३०

भाऊ, एक तातडीचं. ते ४१ मेल किती दिवसांचे आहेत? आणि आत्ता नेट आहे का?

---

वावरवाला, सकाळी १०:३५

मशीन जळून आज चौथा दिवस. काही मेल त्याच्या आदल्या रात्रीचे. नेट पहाटेपासून नाही.

---

चिखलदऱ्याची_कॉफी, सकाळी १०:५०

मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ‘पोस्टफिक्स स्टॉप’ करा.

पोस्टफिक्समध्ये ‘मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम’ नावाची मर्यादा असते, मुळात ५ दिवसांची. मेल रांगेत आल्यापासून ५ दिवस उलटले आणि पुढचा प्रयत्नही फसला, की तो पाठवणाऱ्याकडे परत जातो. तुमचं मशीन बंद होतं ते दिवसही यात धरले जातात. आज नेट नाही, उद्याही नसलं तर तुमचे जुने मेल उद्याच परतायला लागतील. म्हणून ‘पोस्टकॉन्फ -ई मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम=१०डी’. सगळं सुरळीत झालं की परत ५ करा.

आणि मग ‘पोस्टसुपर -एच ऑल’, यात एच लहान लिपीतला. सगळे मेल होल्डमध्ये जातात आणि तुम्ही सोडेपर्यंत तिथेच थांबतात. सोडताना तीच आज्ञा मोठ्या लिपीतल्या एचने.

दुसरी सूचना परवानगीचीच आहे. रांगेतल्या मेलच्या फायलींवर परवानगी बदलणारं ‘सीएचमॉड -आर ६४४’ किंवा ६०० कधीही चालवू नका. साध्या मजकुराच्या फायली, त्यांना चालवण्याची परवानगी कशाला, असं वाटून लोक एक्स काढून टाकतात. पोस्टफिक्समध्ये मालकाचा तो एक्स ही खूण आहे. मेल पूर्ण लिहून झाला की फाइल ७०० होते. एक्स नसेल तर ‘हा मेल अजून लिहिणं चालू आहे’ असं समजून रांग सांभाळणारा त्याला शिवत नाही. काही बोलतही नाही. मेल तसाच पडून राहतो आणि आपण नेटवर्क तपासत बसतो.

---

जिनिंगचा_भोंगा, सकाळी ११:००

हे एक्सचं मले आज समजलं. मागच्या साली माह्ये सात मेल डिस्कवर दिसत होते पन जात नव्हते. आज संध्याकाळीच पाहतो.

---

वर्धाकाठ, सकाळी ११:१०

कॉफी यांनी वेळेवर पकडलं, माझ्याकडून दिवस विचारायचे राहिले होते.

आता दुरुस्ती. सर्व्हर बंद असतानाच ‘पोस्टफिक्स सेट-परमिशन्स’. कोणत्या वस्तूचा मालक कोण, गट कोण, परवानगी किती, याची यादी पोस्टफिक्ससोबत ‘पोस्टफिक्स-फाइल्स’ नावाच्या फायलीत येते, आणि ही आज्ञा त्या यादीप्रमाणे सगळं जागेवर बसवते. अ‍ॅक्टिव्ह, डेफर्ड वगैरे रांगांच्या आतल्या फायलींपर्यंत ती उतरते. नंतर एकदा ‘पोस्टसुपर -एस’. दुसऱ्या मशीनवरून रांग आणली की हे लागतं. मेलच्या फायलीचं नाव डिस्कवरच्या तिच्या आयनोड क्रमांकावर बेतलेलं असू शकतं, नक्कल केल्यावर तो क्रमांक बदलतो, आणि ही आज्ञा नावं त्याप्रमाणे सुधारते.

मग ‘पोस्टफिक्स चेक’. काहीच न बोलता संपली तर सगळं नीट. काही ओळी आल्या तर इथे टाका. हे इशारे देणारी पोस्टफिक्स-स्क्रिप्ट ही साधी शेल स्क्रिप्ट आहे. उघडून पाहा, ‘फाइंड’च्या ओळी दिसतील. कोणता इशारा कशावरून येतो ते तिथे अक्षरशः वाचता येतं.

---

वावरवाला, दुपारी १:२०

सगळं क्रमाने केलं. स्टॉप, मर्यादा १० दिवस, होल्ड. होल्डमध्ये ४१ मोजले, एकही कमी नाही. हे पाहून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

सेट-परमिशन्सनंतर वरच्या चारही ओळी गेल्या. आणि सकाळपासून एक टर्मिनल उघडं होतं, त्यात मी स्क्रिप्ट हाताने चालवून पाहिली होती आणि ती अडकून पडली होती. मी काहीही न करता ती काही सेकंदांत आपोआप पुढे सरकून संपली. पोस्टड्रॉप थांबून थांबून प्रयत्न करतच होता, फाटक उघडताच आत गेला.

पण ‘नॉट ओन्ड बाय रूट: /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ आणि अशाच अजून ओळी आहेत. ईटीसी आणि लिब स्पूलच्या आत कशाला?

---

सातपुड्याची_सावली, दुपारी १:४५

दादा, ती ‘क्रूट’ची, म्हणजे प्रोग्रामला एका डिरेक्टरीत कोंडून चालवण्याची व्यवस्था आहे. डेबियन १२वर पोस्टफिक्सचे बरेच तुकडे /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स यालाच आपलं मूळ समजून चालतात, त्याबाहेरचं त्यांना दिसत नाही. मग नाव शोधायला लागणाऱ्या रिझॉल्व्ह.कॉन्फ, होस्ट्स अशा फायलींच्या नकला आतच ठेवाव्या लागतात. तुमच्या ‘सीएचओन -आर’ने त्याही पोस्टफिक्सच्या नावे गेल्या. सेट-परमिशन्सच्या यादीत त्या नाहीत, म्हणून राहिल्या.

हा इशारा निरुपद्रवी समजून सोडू नका. कोंडलेला प्रोग्राम ज्या फायलींवर विसंबतो त्या त्यालाच बदलता आल्या, तर कोंडण्याला अर्थच उरत नाही.

स्पूलमध्ये जाऊन ‘सीएचओन -आर रूट:रूट ईटीसी लिब यूएसआर’ एवढंच. यूएसआर नसेल तर सोडून द्या. नावं मोजून द्यायची, तारांकन टाकायचं नाही. ‘देव’ नावाची डिरेक्टरी असेल तर तीही पाहा, ती रूटचीच हवी.

नवं नेट जोडलं आणि डीएनएसचा पत्ता बदलला, तर ‘आतली आणि बाहेरची रिझॉल्व्ह.कॉन्फ वेगळी आहे’ असाही इशारा येतो. तेव्हा बाहेरची आत नकल करून पोस्टफिक्स पुन्हा सुरू करायचं.

---

लोणारकाठी, दुपारी २:१०

धागा वाचतोय, छान चालू आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

पोस्टड्रॉप किंवा पोस्टक्यू (रांग दाखवणारा) या प्रोग्रामांची मालकी कोणाकडून बदलली गेली असेल, तर आधी सीएचओन आणि मग सीएचमॉड २७५५ असाच क्रम ठेवा. लिनक्सवर सीएचओन केलं की सेट-जीआयडीचा ‘एस’ गळून पडतो. उलट क्रमाने केलं तर हाताने लावलेला एस पुढच्याच ओळीत जातो आणि ‘नॉट सेट-जीआयडी’चा इशारा तसाच राहतो.

दुसरं, जे अजून रेड हॅटच्या घराण्यातल्या मशीनवर आहेत त्यांच्यासाठी. ‘आरपीएम -व्ही पोस्टफिक्स’ मोठ्या लिपीतल्या व्हीने चालवा, कोणत्या फायलीचा मालक, गट किंवा परवानगी हललीये ते दिसतं. परवानग्या बरोबर असूनही ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर एसई-लिनक्सची (परवानग्यांवरच्या जादा सुरक्षा थराची) लेबलं पाहा. ‘रिस्टोरकॉन -आर -व्ही /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स’, यात आर मोठ्या लिपीतला.

---

वावरवाला, संध्याकाळी ६:३०

‘पोस्टफिक्स चेक’ आता काहीच बोलत नाही.

मधे एक अडचण आली ती डव्हकॉटची, म्हणजे पेटीतले मेल वाचायला देणाऱ्या प्रोग्रामची. /व्हार/मेलमधल्या पेट्याही मी त्याच ‘सीपी -आर’ने आणल्या होत्या. लेखापालांना मेल दिसत होते पण खोडता येत नव्हते. डव्हकॉटच्या नोंदीत ‘मिसिंग +डब्ल्यू पर्म’ आणि त्यापुढे नेमकी डिरेक्टरी लिहिलेली होती. सकाळचं काकांचं म्हणणं आठवलं आणि ओळ शब्दशः वाचली. /व्हार/मेलचा गट ‘मेल’ केला, २७७५ दिलं, प्रत्येक पेटी ज्याच्या त्याच्या नावे केली. कोणाला न विचारता सुटलं.

नेट साडेचारला आलं. होल्डमधले मेल एकदम न सोडता आधी ‘पोस्टकॅट -क्यू’ने दोन उघडून पाहिले. मजकूर आणि जोडलेला अहवाल, दोन्ही शाबूत. मग सगळे सोडले. ४१ पैकी ३९ गेले. दोन परत आले, त्यांत पत्ताच चुकीचा होता. त्या दोन शेतकऱ्यांना फोन करून आकडे वाचून दाखवले.

रात्री दहाच्या स्क्रिप्टला मी थांबणार आहे.

---

वर्धाकाठ, संध्याकाळी ७:०५

उत्तम. आता इशारा नाही तोवरच स्पूलची पूर्ण ‘एलएस -एलआर’ काढून एका कागदावर छापा आणि सर्व्हरच्या टेबलाच्या खणात ठेवा. आणि मर्यादा परत ५ दिवसांवर आणायची राहिली असेल.

---

वावरवाला, रात्री १०:१२

मर्यादा परत ५ केली, कागद खणात ठेवला. स्क्रिप्ट चालली, आजचे १७ अहवाल गेले. पोस्टक्यू म्हणतंय ‘मेल क्यू इज एम्प्टी’. काका, ताई, कॉफी, भोंगा भाऊ, लोणारकाठी, तुमचे मनापासून आभार. आता कुलूप लावून घरी निघतो.

---

जिनिंगचा_भोंगा, रात्री १०:४०

माह्ये सातही मेल ६०० निघाले भाऊ. ७०० केले अन् गेले. पन त्यातला एक तेव्हाच्या बियान्याच्या भावाचा होता, त्याले आता फोन करून सांगतो का थो भाव जुना हाय.